धरणारीचं विमान

चष्म्याच्या प्रत्येक दुकानाला एक मागची खोली असते. पुढच्या बाजूला आरसे, दिवे, मखमलीच्या पेट्या आणि "सर, तुमच्या चेहऱ्याला हीच फ्रेम शोभते" असं येईल त्या गिऱ्हाइकाला सांगणारी मुलं. मागे पाण्याची बारीक धार, गरगरणारं घासायचं चाक आणि काचेचा पांढरा चिखल. काचताई त्या मागच्या खोलीत बसतात. गोल काच घ्यायची, फ्रेमच्या मापाची घासायची, कडेची धार मोडायची आणि उजेडाकडे धरून एक डोळा मिटायचा. अर्धं आयुष्य असं एक डोळा मिटून गेलं. त्यांना खरं नाव आहे, चांगलं आहे, पण दुकानात ते कुणाच्या तोंडी बसलं नाही आणि त्यांनीही कधी हट्ट धरला नाही.

काचताई कशाचाच हट्ट धरत नाहीत, असा सगळ्यांचा पक्का समज होता. या उन्हाळ्यात त्या समजाचे तीनतेरा वाजले, त्याचीच ही हकीकत.

कमी बोलणाऱ्या बाईला देव बहुतेक बोलका नवरा देतो. काचताईंना देताना त्याचा हात जरा जास्तच सैल सुटला. त्यांचे यजमान, म्हणजे मास्तर, लोकांना गाडी चालवायला शिकवतात. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो दाबून दाबून मास्तरांचा उजवा पाय असा तयार झाला आहे, की आईने सरबतात साखर जरा जास्त घातली तरी तो जमिनीवर दाबला जातो. तोंडाचं तर विचारूच नका. "हळू सोडा. हळू म्हणजे काय, हळू." हे ते झोपेतसुद्धा म्हणतात, आणि काचताई झोपेतच कूस बदलतात.

अशा माणसाचा छंद मात्र भलताच नाजूक. हलक्या लाकडाच्या काड्यांचा सांगाडा, त्यावर कागद, पोटात रबराचा दोर. दोराला पीळ भरायचा. तो उलगडू लागला की नाकावरचा पंखा फिरतो आणि विमान चढतं. इंजिन नाही, हातात रिमोट नाही. एकदा सुटलं की सुटलं. मग मालकाने आणि रस्त्यावरच्या परक्या माणसाने सारखीच मान वर करून बघत राहायचं. ज्याचा पाय सदा ब्रेकवर, त्याला नेमका हा नाद का लागावा, याचा विचार करणं सासूबाईंनी कधीच सोडून दिलं होतं. "लहानपणी पाळण्यातून पडला होता," एवढंच त्या म्हणत.

आता या नादात एक काम असं आहे की ते केल्याशिवाय काहीच उडत नाही आणि ते करणाऱ्याला कुणी विचारत नाही. ते म्हणजे धरण्याचं. एकाने विमान शेपटीकडून धरायचं. दुसऱ्याने नाकातून रबराचा दोर बाहेर ताणत मागे मागे जायचं आणि हातातल्या गिरमिटाने पीळ भरत परत पुढे यायचं. धरणाऱ्याने हलायचं नाही, शिंकायचं नाही, नाकावर माशी बसली तर बसू द्यायची. दोर तुटला तर उडवणाऱ्याचं विमान जातं आणि धरणाऱ्याच्या बोटांची सालपटं निघतात. शिवाय सोडण्याआधी शेपटीजवळची वात पेटवायची, तीही धरणाऱ्यानेच. वात म्हणजे जाडसर दोऱ्याचा तुकडा. तो पेटत नाही, नुसता धुमसतो. धुमसत धुमसत एका रबरापर्यंत पोचतो, रबर तुटतं, शेपटी वर उचलली जाते आणि विमान शहाण्यासारखं खाली उतरतं. वात लावली नाही आणि वर गरम हवा लागली, तर विमान जे जातं ते जातंच.

लग्न झाल्यापासून काचताई धरत आल्या होत्या. वात लावायला एकदाही विसरल्या नव्हत्या.

मग गेल्या उन्हाळ्यात मास्तरांना पहिलं बक्षीस मिळालं. शहराबाहेरच्या मोठ्या मैदानावर दर उन्हाळ्यात या नादिष्ट मंडळींचा मेळावा भरतो. घरचे सगळे येतात, दिवसभर खातात, संध्याकाळी टाळ्या वाजवून घरी जातात. त्या संध्याकाळी मास्तर भाषणाला उभे राहिले. लाकूडवाल्याचे आभार मानले, रबर पाठवणाऱ्या मेव्हण्याचे मानले, हवेचेसुद्धा मानले. "आणि आमची ही," ते म्हणाले, "ही म्हणजे चालतंबोलतं स्टँड आहे. नट आवळावे लागत नाहीत, एवढाच फरक." सगळे खो खो हसले. काचताईही हसल्या. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. कलिंगडाची फोड खाता खाता त्यांनी सुनेकडे एकदा पाहिलं आणि बी अंमळ जोरातच थुंकली.

घरी जाताना काचताई खिडकीबाहेर बघत होत्या. राग आला होता का, तर आला होता. पण रागापेक्षा एक विचार जास्त टोचत होता. मास्तरांचं चुकलं काय? इतकी वर्षं आपण दुसरं काय केलं? हा विचार त्यांनी दोन-चार दिवस चघळला आणि मग जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

हिवाळाभर ते दार लोटलेलं राहिलं. काचताईंनी विमानाचा नकाशा काढला नाही. मास्तरांचं प्रत्येक विमान त्यांच्या हातात थरथरलं होतं. कुठलं नाकाकडे जड, कुठलं डावीकडे ओढणारं, हे त्यांच्या तळव्यांना पाठ होतं. पंखांवर चढवायला मास्तर वापरतात तो कागद त्यांना मिळाला नाही. मग नव्या काचा ज्यात गुंडाळून येतात तो तलम कागद त्यांनी इस्त्री करून चढवला. तो इतका पातळ होता की त्यातून पलीकडचा दिवा दिसायचा. तयार विमान घरी आणलं ते सासूबाईंच्या कपाटात, गरम कपड्यांच्या खाली. सासूबाईंनी एका शब्दाने काही विचारलं नाही. फक्त त्या दिवसापासून कपाटाची किल्ली कमरेला लावून हिंडू लागल्या, आणि मास्तरांना वाटलं, म्हातारीने दागिने केले की काय.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी शिकवणीची गाडी खचाखच भरली. मागच्या सीटवर सासूबाई आणि लेक, मध्ये बर्फाचा डबा, मांडीवर काकड्यांची पिशवी, पायाशी कणसं, आणि सासूबाईंच्या कुशीत पुठ्ठ्याचं एक लांबलचक खोकं.

"आई, त्यात काय आहे?" मास्तरांनी आरशातून विचारलं.

"माझी टोपी."

"एवढी मोठी?"

"ऊन मोठं आहे," सासूबाई म्हणाल्या.

मैदानावर पोचले तेव्हा उन्हाने माती भाजायला लागली होती आणि सगळीकडे खाण्याची धांदल उडाली होती. कुणी टबात बर्फ ओतून त्यात कलिंगडं बुडवली होती. एका झाडाखाली निखाऱ्यावर कणसं तडतडत होती आणि धूर नेमका रांगेतल्या लोकांच्या डोळ्यांत जात होता, तरी कुणी रांग सोडत नव्हतं. लेकीने काकड्या कापून मीठ भुरभुरलं. सासूबाईंनी घडीच्या खुर्चीत बैठक मारून लिंबाच्या सरबताचा ताबा घेतला. आइस्क्रीमचा डबा उघडला तर अर्धं पातळ झालेलं. मग सगळ्यांनी ते पेल्यातून पिऊन टाकलं आणि हेच जास्त चांगलं लागतं असं ठरवलं. मास्तर एका हातात कणीस, दुसऱ्या हातात गिरमिट घेऊन इकडून तिकडे सल्ले वाटत हिंडत होते.

नोंद करायच्या टेबलाशी शिट्टीबाई बसल्या होत्या. बाई निवृत्त नर्स. गळ्यात शिट्टी, डोळ्यांना दुर्बीण, आणि नियमाला पक्क्या. पूर्वी लोक "माझं विमान पार डोंगरापलीकडे गेलं" अशा थापा मारायचे, म्हणून बाईंनी नियम केला होता: शेवटच्या शिट्टीच्या आत विमान परत आणून टेबलावर ठेवलं, तरच उड्डाण धरायचं. नाहीतर नाही. सख्खा भाऊ असला तरी नाही.

"माझं एक विमान," मास्तर सवयीने म्हणाले.

"आणि माझं एक," मागून काचताई म्हणाल्या.

मास्तरांचा पाय जमिनीवर दाबला गेला. "तुझं? तुझं काय?"

सासूबाईंनी खोक्याचं झाकण उघडलं. आतून ते विमान निघालं. पंख इतके पातळ की पलीकडची माणसं धूसर दिसावीत. आजूबाजूच्या मंडळींनी कणसं खाणं थांबवलं. मास्तरांनी विमान हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक इतक्या गोष्टी येऊन गेल्या की लेकीला बापाची दयाच आली.

"बरं आहे," ते शेवटी म्हणाले. "पण धरणार कोण?"

"तुम्ही," काचताई म्हणाल्या.

आधी मास्तरांनी आपलं विमान उडवलं. काचताईंनी नेहमीसारखं धरलं, वात लावली; विमान झकास चढलं, धुमसणाऱ्या वातीने वेळेवर खाली उतरवलं, मास्तरांनी आणून टेबलावर ठेवलं. आतापर्यंतचं सगळ्यांत लांबलेलं उड्डाण. टाळ्या पडल्या. मग काचताईंची पाळी आली.

मास्तरांनी विमान शेपटीकडून धरलं. धरलं कसलं, पकडलं. काचताई दोर ताणत मागे गेल्या, गिरमिट फिरवू लागल्या, आणि मास्तरांचं तोंड सुटलं. "एकसारखा पीळ. घाई नको. आता पुढे ये. हळू. हळू म्हणजे काय, हळू. खांदा खाली. श्वास घे. नको, आत्ता नको घेऊस."

"अहो, हलू नका."

"मी कुठे हलतोय? तू बघ, दोरावर पिळाच्या गाठी चढल्या का? गाठींची दुसरी रांग चढली का? आता मोज."

"मास्तर," खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, "स्टँड बोलत नसतं."

सगळं मैदान हसलं. मास्तरांचे कान लाल झाले, पण तोंडाला कुलूप लागेना; फक्त आवाज उतरला. ते पुटपुटतच राहिले. काचताईंच्या हाताला दोराचा ताण कळत होता. इतकी वर्षं हा ताण त्यांनी दुसऱ्या टोकाकडून झेलला होता. या टोकाला तो जिवंत जनावरासारखा ओढत होता. अजून थोडा, अजून थोडा. थांबल्या. पंखा नाकात बसवला, विमान हातात घेतलं. वाऱ्याने गवत एका बाजूला वळलं आणि मग अचानक निपचित पडलं. जमिनीवरून एक ऊनऊन झुळूक वर आली, गालाला लागली.

त्यांनी विमान सोडलं.

ते चढलं. मास्तरांची विमानं चढतात ती जिना चढल्यासारखी. हे गोल फिरत, सावकाश, कुणाची घाई नसल्यासारखं चढलं. पंखा थांबला तरी उतरेना. उलट वर जाऊ लागलं. कागदाच्या पंखांतून सूर्य आरपार दिसला आणि कुणीतरी शीळ घातली. काचताईंच्या मनात अशा उकळ्या फुटल्या की त्यांना आपला हात अजून वरच आहे हे कळलं नाही. आपल्या हातचं काहीतरी तिथे वर होतं, आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. असा आनंद त्यांना लग्नात झाला नव्हता, लेक झाली तेव्हा झाला होता. पण तेव्हा दुखतही होतं.

मग त्यांनी सवयीने शेपटीकडे पाहिलं. धुराची बारीक रेघ दिसायला हवी होती. त्यांची नजर काचेवरचा ओरखडा हेरणारी. रेघ नव्हती.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या. "वात?"

"कसली वात?"

"मला वाटलं तू," मास्तर म्हणायला गेले. त्यांच्या विमानाची वात आजवर आपोआप लागत आली होती. ती कुणीतरी लावतं, हे त्यांच्या ध्यानातच कधी आलं नव्हतं.

"शेवटच्या शिट्टीच्या आत आणा," शिट्टीबाई दुर्बिणीतून नजर न काढता म्हणाल्या. "नाहीतर मला धरता येणार नाही."

काचताईंनी मास्तरांच्या हातातून गाडीची किल्ली हिसकावली. त्यांची नजर सगळ्यांत तीक्ष्ण, तेव्हा गाडी त्यांनीच चालवायची हे बोलावंही लागलं नाही. मास्तर शेजारी बसले. लेक मागे, खिडकीतून डोकं बाहेर. सासूबाई येणार नाहीत असं धरून सगळे निघाले, तर त्या आधीच आत, हातात अर्धं कणीस.

"डावीकडे," लेक ओरडली. काचताईंनी चाक वळवलं, नजर आभाळात. मास्तरांनी रस्ता पाहिला आणि पाय दाबला. गाडी कचकन थांबली. सगळे पुढे आदळले. कणसाचे चार दाणे मास्तरांच्या मानेत गेले.

"अहो, ब्रेक सोडा."

"समोर कुंपण आहे."

"समोर विमान आहे."

पाय सुटला. गाडी सुटली. पुन्हा वळण आलं, पुन्हा पाय गेला, पुन्हा कचकन. टपावर "शिकाऊ चालक" असा लाल फलक. तो बघून आणि गाडीचे हे आचके बघून रस्त्यावरचे लोक लांबूनच कडेला होत होते. एका ट्रकवाल्याने तर उतरून वाट करून दिली. शेवटी सासूबाईंनी मागून हात घालून लेकाचा गुडघाच वर उचलून धरला. "आता चालव गं," त्या म्हणाल्या. मास्तर एक पाय अधांतरी धरून बसले, आणि गाडी पहिल्यांदाच धड पळाली.

रस्ता उंचावर गेला आणि संपला. पुढे शहराची छपरं पसरली होती. काचताई उतरून टपाला हात टेकून उभ्या राहिल्या. विमान ठिपक्याएवढं झालं होतं. लेकीला दिसेना, मास्तरांना तर केव्हापासूनच दिसत नव्हतं. काचताईंना दिसत होतं. एक डोळा मिटून त्या बघत राहिल्या, आणि मग त्यांनाही दिसेना.

मग काचताईंना हसू फुटलं. हिवाळाभराची मेहनत हातातून गेली होती, आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. हसता हसता खाली बसल्या. लेक हसू लागली. सासूबाई दात नसलेल्या बाजूने हसल्या आणि कणीस हातातून पडलं. मास्तर तेवढे उभे राहिले, हिरमुसले, मानेतले दाणे काढत.

"पण मोजलं जाणार नाही," डोळे पुसत काचताई म्हणाल्या, आणि आता आवाज जरा ओला झाला. "एकदा टेबलावर ठेवायचं होतं मला. माझं म्हणून."

परतीच्या वाटेवर मास्तर एक शब्द बोलले नाहीत. गाडीत इतकी शांतता कधीच नव्हती. काचताईंना गियर टाकल्याचा आवाज नव्याने ऐकू आला. लेकीने विचारलं, "आई, पंखावर फोन नंबर लिहिला होतास ना?" मेळाव्यातले सगळे लिहितात, विमान कुणाच्या अंगणात पडलं तर कळवावं म्हणून.

"लिहिला," काचताई म्हणाल्या, आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "बाबांचा लिहिला गं. त्यांच्या विमानांवर मीच लिहिते ना. हात आपोआप तिकडेच गेला."

मैदानावर टबातली शेवटची कलिंगडं फुटत होती. सूर्य झाडाच्या मागे गेला होता. शिट्टीबाईंनी घड्याळ पाहिलं, टेबलावरच्या विमानांकडे पाहिलं, मास्तरांच्या विमानाशेजारी पहिल्या क्रमांकाची चिठ्ठी ठेवली आणि शिट्टी ओठांना लावली. काचताईंनी कलिंगडाची मोठी फोड घेतली आणि तोंड त्यात घातलं, म्हणजे कुणी काही बोलायला येऊ नये.

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला.

मास्तर फोन नेहमी स्पीकरवर घेतात. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून. "साहेब," पलीकडून एक घोगरा आवाज आला, "तुमचं विमान आमच्या पेट्रोल पंपाच्या छतावर उतरलंय. पंख शाबूत आहेत. शिडी लावून काढलं. इथे गाड्यांची रांग थांबलीय, सगळे बघतायत. साहेब, काय बनवलंय तुम्ही."

टेबलावर मास्तरांचं विमान होतं, त्याच्या शेजारी चिठ्ठी होती, आणि फोनवर एक माणूस त्यांना दुसऱ्याही विमानाचं श्रेय देत होता. मास्तरांना असल्या वेळी भाषण सुचतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी घसा खाकरला.

"मी नाही बनवलं," ते म्हणाले. "ते माझ्या बायकोचं आहे. मी नुसता धरायला होतो. तेही धड जमलं नाही, वात लावायची माझ्याकडून राहिली. म्हणून तुमच्यापर्यंत आलं." ते थांबले. आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण जमेना. "थांबा, मालकिणीला देतो."

शिट्टीबाईंनी शिट्टी ओठांवरून काढून हातात घेतली. "पंप कुठे आहे तो विचारा," त्या म्हणाल्या. "आज घड्याळ जरा पुढे आहे माझं."

काचताईंनी हनुवटीवरून ओघळणारा कलिंगडाचा रस मनगटाने पुसला आणि चिकट हाताने फोन घेतला.

"हो," त्या म्हणाल्या. "माझंच आहे ते. उन्हात ठेवू नका, मी निघालेच."